तळाशी लिहिलेले नाव

आमचे अण्णा बेळगावच्या कचेरीबाहेर बसून अर्ज लिहून देत. एक टेबल, दोन खुर्च्या, वर ताडपत्री. खेड्यातून आलेला माणूस आपली कहाणी मराठीत सांगे. अर्ज कन्नडमध्ये आत जाई. साहेबांचा शेरा कन्नडमध्ये बाहेर येई. अण्णा तो मराठीत उलगडून सांगत. हे नुसते भाषांतर नव्हते. कोणत्या टेबलावर कोणता कागद लागतो, तिकीट किती रुपयांचे लावायचे, जमिनीच्या उताऱ्याची नक्कल जोडली नाही तर अर्ज नेमका कुठे अडतो, हे सगळे त्यांना तोंडपाठ होते. अर्जाच्या माथ्यावर साहेबांचा हुद्दा, खाली अर्जदाराची सही किंवा अंगठा, आणि अगदी तळाशी डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘लिहिणार’ म्हणून अण्णांचे नाव. काम झाले तर ते नाव कोणी वाचत नसे. काम अडले तर मात्र सर्वांत आधी तेच वाचले जाई.

लेख संगणकाविषयी आहे आणि सुरुवात अण्णांपासून का, असे वाचकांना वाटेल. पण गेल्या तीस वर्षांतला संगणकाचा जो इतिहास मी वाचला त्यात शोध लावणाऱ्यांची नावे आहेत, कंपन्या काढणाऱ्यांची आहेत, अब्जाधीश झालेल्यांची तर आहेतच. ताडपत्रीखाली बसून एका बाजूचे दुसऱ्या बाजूला नीट पोहोचवणाऱ्यांची नावे मात्र क्वचितच दिसतात. आपण दुभाषी मुलखातली माणसे. पोहोचवण्याचे मोल आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणून हा इतिहास आपल्याच अंकात लिहावासा वाटला.

एका हुकमात आलेला ढग

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक प्रयोगशाळा सांभाळत असे. २०१३ च्या पावसाळ्यात शेवटच्या वर्षाची काही मुले आली आणि म्हणाली, ‘सर, आम्हाला क्लाउडवर प्रोजेक्ट करायचा आहे, पण अमेरिकेतल्या कंपनीला भाडे भरायला पैसे नाहीत.’

क्लाउड म्हणजे काय, हे मी तेव्हा घरी लग्नाच्या भांड्यांचा दाखला देऊन सांगे. वर्षातून एकदा लागणारी मोठी पातेली कोणी विकत घेत नाही. भाड्याने आणतो, परत करतो. अमेझॉनने २००६ मध्ये नेमके हेच संगणकाचे केले. आपल्या अवाढव्य यंत्रशाळेतले संगणक तासाच्या भाड्याने, जाळ्यावरून, कोणालाही द्यायला सुरुवात केली. प्रत्यक्ष यंत्र एक, पण त्यात सॉफ्टवेअरने उभी केलेली ‘आभासी’ यंत्रे अनेक. प्रत्येक भाडेकरूला वाटावे की अख्खे यंत्र आपलेच. ही भांड्यांची खोली आपल्या घरात, आपल्या जुन्या यंत्रांवर उभी करता येईल का, असा मुलांचा प्रश्न होता.

आमच्याकडे चार बरे संगणक होते. ४ मे २०१३ रोजी डेबियन नावाच्या लिनक्स वितरणाची सातवी आवृत्ती आली होती, आणि खाजगी क्लाउड उभारण्याची साधने यात आहेत, असे तिच्या घोषणेतच म्हटले होते. डेबियन बसवताना पहिला पडदा भाषा विचारतो. त्या यादीत मराठी होती आणि कन्नडही. मराठी त्या यादीत २००९ च्या पाचव्या आवृत्तीपासून आहे. मुलांपैकी निम्मी घरी कन्नड बोलणारी. कोणती भाषा निवडायची यावर थोडी चेष्टामस्करी झाली. शेवटी दोन यंत्रे एका भाषेत आणि दोन दुसऱ्या भाषेत बसवली.

मग एक हुकूम टाइप केला. ओपनस्टॅक नावाचे ते प्रचंड सॉफ्टवेअर, त्याला लागणारी पायथन भाषेतली असंख्य उपांगे, डेटाबेस, सारे आपोआप उतरू लागले. मधूनच पडद्यावर प्रश्न येत : डेटाबेस कोणता? पासवर्ड काय? या यंत्राचा पत्ता कोणता? उत्तरे दिली की पुढे सरके. मला आश्चर्य त्या सॉफ्टवेअरचे नाही, त्या प्रश्नांचे वाटले. माझ्यासारख्याला कोणत्या क्षणी काय विचारावे लागेल याचा आधीच विचार करून कोणीतरी ते लिहून ठेवले होते. ओपनस्टॅक लिहिणाऱ्यांनी ते लिहिले नव्हते. मग कोणी?

पॅकेजच्या माहितीत बघितले. तिथे ‘मेंटेनर’, म्हणजे सांभाळणारा, अशी ओळ होती आणि तिच्यापुढे नाव. तळाशी, बारीक अक्षरांत. मला अण्णांचे टेबल आठवले.

डेब्रा आणि इयन

या टेबलाचा इतिहास थोडा मागे जाऊन सांगायला हवा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला : सॉफ्टवेअर कोणीही वापरावे, उघडून पाहावे, बदलावे, वाटावे. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. पण गाभा एकीकडे, ग्नूची साधने दुसरीकडे, बाकीचे तिसरीकडे. हे सगळे गोळा करून, एकमेकांशी जुळवून, एका संचात देणाऱ्याला वितरण, म्हणजे डिस्ट्रिब्युशन म्हणू लागले. आरंभीची वितरणे घाईची होती. त्यातल्या एकात इतक्या चुका होत्या, की अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठातला इयन मर्डॉक हा विद्यार्थी वैतागला आणि १६ ऑगस्ट १९९३ रोजी त्याने स्वतःचे वितरण जाहीर केले. तेव्हाची मैत्रीण डेब्रा हिचे आणि स्वतःचे नाव जोडून त्याने त्याला ‘डेबियन’ म्हटले.

मर्डॉकचे म्हणणे साधे होते. वितरण हे दुय्यम काम नाही. ते काळजीने आणि उघड्यावर व्हायला हवे. एका माणसाला सगळे जमणार नाही, म्हणून प्रत्येक पॅकेजाला एक सांभाळणारा असावा आणि सर्वांनी एकच शिस्त पाळावी. ही शिस्त चालवणारे डीपीकेजी हे साधन १९९४ मध्ये नव्याने लिहिले गेले. जून १९९६ मध्ये १.१ ही आवृत्ती आली तेव्हा तिच्यात ४७४ पॅकेजे होती. आज हा आकडा सत्तर हजारांच्या घरात आहे.

१९९७ मध्ये, ब्रूस पेरेन्स प्रकल्पाचे प्रमुख असताना, डेबियनने एक ‘सामाजिक करार’ संमत केला. कोणते सॉफ्टवेअर मुक्त म्हणायचे याच्या कसोट्या त्यात होत्या. पुढच्याच वर्षी ‘ओपन सोर्स’ हा शब्द रूढ झाला आणि त्याची जी व्याख्या केली गेली ती याच कसोट्यांवरून. जगभर मान्य झालेली ही व्याख्या वितरण करणाऱ्यांच्या टेबलावर तयार झाली होती, हे सहसा कोणी सांगत नाही.

दोन घड्याळे

आता क्लाउडकडे येऊ. अमेझॉनसारखे काही मुक्त स्वरूपात हवे म्हणून कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा विद्यापीठात युकॅलिप्टस हे सॉफ्टवेअर तयार झाले. डेबियनवरच आधारलेल्या उबुंटू या वितरणाने २००९ मध्ये ते आपल्या संचात घेतले. अमेरिकेची अंतराळ संस्था नासाही ते वापरून पाहत होती. पण हव्या त्या सुधारणा मूळ सॉफ्टवेअरमध्ये घालून घेता येईनात, तेव्हा नासाच्या लोकांनी ‘नोव्हा’ हे स्वतःचे सॉफ्टवेअर लिहिले. रॅकस्पेस या कंपनीने साठवणीचे ‘स्विफ्ट’ पुढे केले. या दोहोंतून जुलै २०१० मध्ये ओपनस्टॅकची घोषणा झाली. ऑक्टोबर २०११ च्या आवृत्तीत उबुंटूने युकॅलिप्टस सोडून ओपनस्टॅक धरले. पुढे ओपनस्टॅक पसरले आणि युकॅलिप्टस मागे पडत गेले. यामागे कारणे अनेक होती, पण वितरणाने कोणाला घरात घेतले हे त्यातले एक होते.

ओपनस्टॅकच्या आवृत्त्या दर सहा महिन्यांनी येत. त्यांना वर्णमालेच्या क्रमाने, बहुधा विकासकांच्या संमेलनाच्या परिसरातल्या ठिकाणांवरून नावे देत : ऑस्टिन, कॅक्टस, डायब्लो, एसेक्स. उत्साह दांडगा, कंपन्या शेकडो, वेग भरधाव. डेबियनची स्थिर आवृत्ती मात्र साधारण दोन वर्षांनी येते आणि त्याआधी कित्येक महिने सगळे गोठवले जाते. त्या काळात नवे काही घ्यायचे नाही, फक्त चुका काढायच्या. सातव्या आवृत्तीचे गोठवणे जून २०१२ च्या अखेरीस झाले. तेव्हा ओपनस्टॅकची ताजी आवृत्ती एसेक्स होती. मे २०१३ मध्ये डेबियन बाहेर पडले तोवर ओपनस्टॅकच्या आणखी दोन आवृत्त्या येऊन गेल्या होत्या. डेबियनच्या हाती एसेक्सच होते.

या दोन घड्याळांच्या मध्ये पॅकेज करणारा उभा. लिहिणारे म्हणतात, तुम्ही जुनाट देता आणि लोक आम्हाला दोष देतात. वापरणारे म्हणतात, दर सहा महिन्यांनी बदलाल तर आम्ही काम केव्हा करायचे? त्याला दोन्ही पटते, आणि दोन्ही भाषा त्यालाच येतात. तोड अशी निघाली की स्थिर डेबियनवर चालतील अशी नव्या आवृत्त्यांची पॅकेजेही बाजूला तयार करून ठेवायची. ज्याला हवे त्याने समजून उमजून घ्यावे. म्हणजे काम दुप्पट.

ते काम काय असते? पहिली गोष्ट परवान्याची. प्रत्येक फाइल कोणाची, कोणत्या अटीवर दिलेली, हे तपासून एका कागदावर लिहायचे. नवे पॅकेज आत घेण्याआधी डेबियनचे दुसरे स्वयंसेवक ते पुन्हा तपासतात. त्या रांगेत आठवडेच्या आठवडे जातात. दुसरी गोष्ट जुळवणीची. ओपनस्टॅकला लागणाऱ्या प्रत्येक उपांगाचे वेगळे पॅकेज हवे, आणि तेच उपांग वापरणारे दुसरे सॉफ्टवेअर त्यामुळे मोडता कामा नये. ‘हॉरायझन’ या ओपनस्टॅकच्या दर्शनी भागात जावास्क्रिप्टचे दुसऱ्यांनी लिहिलेले तुकडे जसेच्या तसे कोंबलेले होते. ज्याचे वाचता येण्याजोगे मूळ नाही ते डेबियनला चालत नाही. एकाच गोष्टीच्या दहा प्रती दहा ठिकाणी असल्या तर सुरक्षेची एक चूक दहा ठिकाणी दुरुस्त करावी लागते. वितरणाच्या लोकांनी ही अडचण मूळ लिहिणाऱ्यांना समजावून सांगितली आणि २०१४ मध्ये ते तुकडे वेगळे काढण्याची पद्धत ओपनस्टॅकमध्येच आली. आणखी एक उदाहरण : ‘क्वांटम’ नावाच्या भागाचे नाव दुसऱ्या कंपनीच्या नावाशी टक्कर झाल्यामुळे २०१३ मध्ये ‘न्यूट्रॉन’ झाले. लिहिणाऱ्यांनी नाव बदलले. ज्यांच्या यंत्रावर जुने नाव चालू होते त्यांना नव्या नावापर्यंत सुखरूप नेण्याचे काम पॅकेज करणाऱ्याच्या वाट्याला आले. कचेरीत गावाचे नाव बदलले की जुन्या उताऱ्यांचे काय होते, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको.

माझी चूक, आणि एक मोठी चूक

२०१४ च्या आरंभी मला हुरूप आला. मुलांचे प्रोजेक्ट चालू होते, चौदा आभासी यंत्रे त्या चार संगणकांवर सुखाने नांदत होती. पण एसेक्स जुने झाले, असे सगळीकडे वाचत होतो. एका शनिवारी रात्री मी दुसऱ्या ठिकाणाहून हवाना या नव्या आवृत्तीची पॅकेजे आणली आणि एसेक्सवर चढवली. मधल्या दोन आवृत्त्या गाळल्या. ओपनस्टॅक एकेक पायरी चढावे, असे सूचनांत लिहिलेले असते. मी त्या वाचल्या नव्हत्या. डेटाबेसची रचना अर्धी बदलली आणि थांबली. पहाटे तीन वाजता ना एसेक्स उरले होते, ना हवाना आले होते.

सोमवारी एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, बॅकअप घेतला होता ना?’ मी गप्प राहिलो. सादरीकरणाला आठ दिवस होते. पोरांनी रात्री जागून जमेल तेवढे पुन्हा लिहिले. कोणी मला उलटून बोलले नाही, याचीच जास्त लाज वाटली. त्या रागात मी पॅकेजांविरुद्ध दोषाची तक्रार लिहायला बसलो. काय केले, कोणत्या क्रमाने केले, हे तक्रारीत लिहावे लागते. ते लिहिता लिहिताच दोष कोणाचा हे कळले. तक्रार पाठवली नाही. पण ती लिहिण्याची सक्ती करणारी पद्धत ज्यांनी घातली त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला.

दुभाष्या नेहमी बरोबरच असतो, असे मात्र मला म्हणायचे नाही. डेबियनच्या इतिहासातली सर्वांत दुखरी जागा हीच आहे. ओपनएसएसएल हे गुप्त किल्ल्या तयार करणारे सॉफ्टवेअर. २००६ मध्ये त्याच्या डेबियन पॅकेजातून दोन ओळी वगळल्या गेल्या. एक तपासणी साधन त्या ओळींबद्दल सारखे इशारे देत होते, म्हणून. वगळण्यापूर्वी मूळ लिहिणाऱ्यांच्या मंडळीत विचारणाही झाली होती आणि कोणी अडवले नव्हते. पण त्यातल्या एका ओळीवरच किल्ल्यांची यादृच्छिकता उभी होती. परिणाम असा, की एका प्रकारच्या यंत्रावर एका मापाच्या जेमतेम बत्तीस हजार वेगवेगळ्या किल्ल्या तयार होऊ शकत. चोराने सगळ्या लावून पाहाव्यात! ही गोष्ट १३ मे २००८ रोजी उघड झाली आणि जगभरच्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी कुलपे बदलली. डेबियनने ती लपवली नाही. स्वतःच जाहीर केली आणि कमजोर किल्ल्या ओळखण्याचे साधनही दिले. अण्णांच्या हातूनही एकदा गट क्रमांक चुकला होता. ते त्या शेतकऱ्याबरोबर स्वतः आत गेले, चूक आपली म्हणून सांगितले, नवा अर्ज फुकट लिहून दिला. दोन पक्षांमध्ये उभा राहणाऱ्याजवळ विश्वासाखेरीज दुसरे भांडवल नसते.

टेबल रिकामे झाले तर

फेब्रुवारी २०१७ मध्ये मी एक बातमी वाचली आणि चपापलो. डेबियनसाठी ओपनस्टॅकची पॅकेजे मुख्यतः ज्याने वर्षानुवर्षे सांभाळली, त्या फ्रेंच गृहस्थाची नोकरी गेली होती. हे काम तो पगारी वेळेत करी. पगार थांबला, आता हे काम बहुधा थांबेल, असे त्याने जाहीरपणे लिहिले. शेकडो पॅकेजे, जगभरचे वापरणारे, आणि भार मुख्यतः एका माणसावर. ज्या ओपनस्टॅकवर बड्या कंपन्यांनी धंदे उभे केले, त्याचे या दारातले टेबल एका नोकरीवर टेकलेले होते.

त्याच वर्षी १७ जूनला डेबियनची नववी आवृत्ती आली. ती इयन मर्डॉकच्या स्मृतीला अर्पण केली होती. २८ डिसेंबर २०१५ रोजी त्याचे निधन झाले होते. संस्थापक गेला तरी प्रकल्प चालला, कारण त्याने आरंभीच काम वाटून दिले होते. क्लाउडच्या टेबलाचे तसे झाले नव्हते. सुदैवाने पुढे त्या गृहस्थाला स्वित्झर्लंडमधल्या एका होस्टिंग कंपनीत काम मिळाले. ती कंपनी स्वतःच डेबियनवर ओपनस्टॅक चालवू लागली, म्हणून पॅकेजेही चालू राहिली. दहाव्या आवृत्तीत, २०१९ मध्ये, ओपनस्टॅक पायथनच्या नव्या पिढीवर आलेले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीतही ते आहे. पण सुदैव ही काही व्यवस्था नव्हे.

मला बोचते ते हेच. मुक्त सॉफ्टवेअर फुकट मिळते, म्हणून ते आपोआप येते असे आपण धरून चालतो. आपल्याकडच्या बँका, कचेऱ्या, महाविद्यालये यांची यंत्रे कोणा ना कोणाच्या जुळवणीवर चालतात. त्या टेबलावर बसायला आपल्याकडून किती जण जातात? २०२३ च्या सप्टेंबरात डेबियनचे जागतिक संमेलन कोचीला भरले, प्रथमच भारतात. मी गेलो नाही, वय आडवे आले. पण माझ्या दोन जुन्या विद्यार्थ्यांना जायला सांगितले आणि ते गेले. त्यातला एक घरी कन्नड बोलतो, एक मराठी. दोघे मिळून आता एक लहानसे पॅकेज सांभाळतात. कोणी ऐकले नसेल असे ते उपांग आहे. ते मोडले तर मात्र लोक लगेच त्यांचे नाव शोधतील.

आपल्या भागातल्या मुलांना घरी एक भाषा, शाळेत दुसरी, कचेरीत तिसरी सांभाळावी लागते. याचे आपण फार वेळा गाऱ्हाणे करतो आणि त्यात खोटे काही नाही. पण एका बाजूचे बोलणे दुसरीकडे न बिघडवता कसे न्यायचे, कुठे काय विचारायचे, काय जोडायचे, हे शिक्षण त्यातच मिळत असते, आणि जगाला त्या शिक्षणाची गरज आहे.

अण्णा गेले त्याला आता बारा वर्षे झाली. त्यांच्या पेटीत कोऱ्या कागदांची एक चळत होती, आणि सगळ्यांत वरच्या कागदावर मजकूर काहीच नव्हता. तळाशी डाव्या कोपऱ्यात फक्त ‘लिहिणार’ असे लिहून ठेवले होते आणि पुढची जागा मोकळी होती. तो कागद मी जपून ठेवला आहे.